दारापर्यंत नेणारी पाटी

कोल्हापूरहून निपाणीकडे निघालं की सुमारे वीस किलोमीटरवर कागल येतं. महामार्गावरून सर्व्हिस रस्त्याला उतरलं की पाट्या दिसू लागतात. सेंद्रिय गूळ व काकवी मिळेल. खोली भाड्याने देणे आहे. म्हैस विकणे आहे. घरगुती चटणी करून मिळेल. कापशी चप्पल मिळेल. कुणी पत्र्यावर ऑइलपेंटने लिहिलंय, कुणी पुठ्ठ्यावर मार्करने, कुणी जुन्या फ्लेक्सची कोरी पाठ वर करून त्यावर ब्रश फिरवलाय. यांतली क्वचितच एखादी पाटी दुकानाची असते. बाकीच्या घरांच्या आहेत. ज्यांच्याकडे गाळा नाही, नोकर नाही, जाहिरातीला पैसे नाहीत, पण विकण्याजोगी एक वस्तू आहे, अशा माणसांनी त्या लावल्या आहेत. हे पुस्तक त्या पाट्यांविषयी आहे. त्या कशा कराव्यात आणि कुठे लावाव्यात, एवढाच त्याचा विषय.

विषय छोटा वाटेल, पण दुकानाच्या फलकावर आपल्याकडे जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्याच्या शतांशही या घरगुती पाटीवर लिहिलं गेलेलं नाही. दुकानाचा फलक दुकानावरच असतो; तो वाचणारा माणूस दारातच उभा असतो. घरगुती विक्रीची गोष्ट उलट आहे. घर गल्लीत आत असतं, वस्तीवर असतं, मळ्यात असतं. आणि पाटी लावायची असते ती घर जिथे नाही तिथे. अनोळखी माणसाला रस्त्यावरून उचलून, दोन वळणं घेऊन, एका अनोळखी दारापर्यंत आणायचं काम तिला करायचं असतं. म्हणून ती नुसती लिहून भागत नाही. माझं ठाम मत असं की घरगुती पाटीचं निम्म्याहून जास्त यश ती कुठे उभी आहे यावर ठरतं, आणि आपल्याकडे नेमका याचाच विचार सर्वांत शेवटी, हातात पाटी घेऊन रस्त्यावर आल्यावर होतो.

अमेरिकेत हीच गोष्ट 'गॅरेज सेल' या नावाने रुळली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, प्रत्येक घराला गाडीची खोली आली, आणि घरातलं नको झालेलं सामान शनिवारी सकाळी त्या खोलीत मांडून विकायची रीत पडली. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात नव्याने संसार मांडणाऱ्या कितीतरी मराठी जोडप्यांचं पहिलं टेबल, पहिला पाळणा अशा सेलमधून आला. तिथल्या चौकाचौकांत जाड अक्षरांच्या, बाण काढलेल्या पाट्या लागतात. अनेक नगरपालिकांनी त्या किती मोठ्या असाव्यात, कधी लावाव्यात आणि कधी काढाव्यात याचे नियम केले आहेत. आपल्याकडे जुन्या सामानाची वाट वेगळी होती. जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडी घ्यायची, लोखंड-रद्दी भंगारवाल्याला द्यायची, बाकीचं भावकीत वाटायचं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोरबाजार आहे, पण घराच्या दारात मांडामांड करून विकायला आपण संकोचत आलो. तो संकोच आता कमी होतो आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेली कुटुंबं बदली झाली की कपाट, कूलर, सायकल मागे ठेवून जातात, आणि इमारतीच्या फाटकावर 'घरसामान विकणे आहे' असा कागद दिसतो. त्याला नाव काहीही द्या, काम तेच आहे.

दारात विकायची ही रीत नवी असली, तरी वाचता न येणाऱ्याला दगडाने सांगायची पद्धत आपल्या मुलखात फार जुनी. शिलाहारांच्या काळापासूनचे गधेगाळ शिवारांत आणि देवळांच्या आवारांत अजून सापडतात. वर सूर्य-चंद्र, मधे लेख, खाली गाढवाचं शिल्प. लेख मोजक्यांना कळायचा. चित्र सर्वांना कळायचं: ही जमीन दान दिलेली आहे, हिला हात लावाल तर याद राखा. हे विक्रीचे फलक नव्हेत, हे खरं. पण रस्त्यावरच्या माणसाशी बोलताना अक्षराला चित्राची जोड लागते हे त्या पाथरवटाला ठाऊक होतं. पुढे शतकानुशतकं गावातली खबर दवंडीने फिरली. हलगीवर काठी पडली की माणसं दारात येत. लेखी पाटीला वाचक मिळायला शाळा लागली, आणि इथे करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाचा मोठा वाटा आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याच महाराजांच्या पाठबळावर, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं आणि महाराज तिथे उघडपणे चहाला जाऊ लागले. एका नावाने रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला भूमिका घ्यायला लावावी, याचं यापेक्षा धीट उदाहरण मला ठाऊक नाही.

कोल्हापूर हे रंगवणाऱ्यांचं गाव आहे. इथे 'पेंटर' ही पदवी आडनावासारखी लागते. बाबूराव मेस्त्री बाबूराव पेंटर झाले. त्यांनी आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. त्यानंतरच्या पिढीत जी. कांबळे यांनी चित्रपटांची भव्य पोस्टरं रंगवली. राज्य शासनाने मान्य केलेलं शिवाजी महाराजांचं चित्रही त्यांचंच. या थोरांची नावं घरगुती पाटीच्या पुस्तकात कशाला, असं कुणी विचारील. कारण त्यांच्या हाताखाली आणि हाताखालच्यांच्या हाताखाली जे शिकले, ते तालुक्याच्या गावी येऊन बसले. त्यांनी दुकानं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, तालमीच्या भिंती, पतसंस्थांचे फलक आणि उरल्या रंगात शेजाऱ्याची 'दूध मिळेल'ची पाटी रंगवली. खडू लावलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून झटकायचा, पत्र्यावर सरळ रेघ उमटवायची, मग चपट्या ब्रशने आधी शिरोरेषा ओढून तिला अक्षरं लटकवायची, आणि शेवटी उजव्या-खालच्या अंगाला शेड द्यायची, ही त्यांची रीत. तिला मी या विषयातलं पहिलं घराणं मानतो.

दुसरं घराणं छापखान्याचं. खिळ्यांतून आलेलं अक्षर, नंतर संगणकातलं. आर. के. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फाँट कितीतरी मराठी माणसांनी संगणकावर पहिल्यांदा पाहिलेलं देवनागरी अक्षर आहे. पुस्तकाच्या पानावर जे नेटकं दिसतं ते रस्त्यावर बारीक पडतं, ही या घराण्याची अडचण. घरच्या प्रिंटरवर काढलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खांबाला बांधला की तो दहा फुटांवरून करडा ठिपका होतो. या दोहोंच्या मधे नाट्यजाहिरातींची अक्षरं करणारे कमल शेडगे यांच्यासारखे कलावंत येतात. वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत नाटकाचं नाव लांबून ओळखू यावं असं त्यांनी काढलं. पाटी करणाऱ्याने त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी: एका शब्दाला मोठं करायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं.

तिसरं घराणं पुणेरी पाटीचं. त्याची कीर्ती एवढी की पाटी म्हटलं की लोकांना तेच आठवतं. भाषेचा तो नमुना मला मनापासून आवडतो, पण विक्रीच्या पाटीने त्याच्या वाटेला जाऊ नये. पुणेरी पाटी आधीच दारात उभ्या असलेल्या माणसाला थांबवते. त्याला वाचायला वेळ असतो. गूळ विकणाऱ्याला चालत्या दुचाकीवरच्या माणसाला बोलवायचंय.

चौथं फ्लेक्सचं. दोन हजारनंतरच्या दशकात ते आलं आणि काही वर्षांत पेंटरांचं काम गेलं. स्वस्त, एका दिवसात हातात, फोटोसकट. घरगुती विक्रेत्याला त्याने सोय दिली हे नाकारता येत नाही. पण वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्यांच्या चेहऱ्यांनी चौक एवढे भरले की बघणाऱ्याची नजर फ्लेक्सवरून न थांबता घसरायला शिकली. आज कागलसारख्या गावात पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगाने हाताने लिहिलेले दोन शब्द फ्लेक्सच्या गर्दीत जास्त उठून दिसतात. पेंटरांना परत काम मिळावं अशी माझी इच्छा आहे आणि ती मी लपवत नाही. परंतु हे वाक्य इच्छेपोटी लिहिलेलं नाही, कुणीही कागलच्या गैबी चौकात उभं राहून ते पडताळून पाहावं.

आता अक्षराच्या मापाचा प्रश्न. पाट्या करणाऱ्यांत जगभर एक ठोकताळा चालतो: सहज वाचता यावं तर दर दहा फूट अंतरामागे एक इंच उंच अक्षर. हा ठोकताळा रोमन मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांची गुंतागुंत यांना जागा सोडावी लागते, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला ओळीची निम्म्याहून थोडीच जास्त उंची येते. याचा हिशेब न करता इंग्रजी पाटीच्या मापावर मराठी पाटी केली की ती अपुरी पडते. पुन्हा, अक्षरं फाकवून जागा भरायची इंग्रजी युक्ती इथे चालत नाही. शिरोरेषा तुटली की शब्द शब्द राहत नाही.

ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला अकरा मीटर जाते. वाचायला तीन सेकंद धरले तर पाटी तेहतीस मीटरवरून, म्हणजे सुमारे एकशे दहा फुटांवरून कळायला हवी. वरच्या ठोकताळ्याने अक्षर अकरा इंचांचं झालं, मात्रा-उकारांसह ओळ दीड फुटाची, आणि तीन ओळींची पाटी साडेचार फुटांची. एवढी पाटी घरगुती विक्रेत्याने कुठे उभी करायची? पण तीच पाटी गतिरोधकापाशी आणा. तिथे गाडी ताशी पंधरावर येते. तीन सेकंदांत ती साडेबारा मीटर जाते, म्हणजे एक्केचाळीस फूट, आणि चार इंची अक्षर पुरतं. रंग तोच, शब्द तेच, खर्च कितीतरी कमी. बदलली फक्त जागा. या पुस्तकातली सगळी धडपड या एका हिशेबाभोवती आहे. गाडी जिथे आपणहून मंदावते त्या जागा प्रत्येक गावात ठरलेल्या असतात: गतिरोधक, बसस्थानकाचं तोंड, शाळेचा कोपरा, रेल्वे फाटक, पेट्रोल पंपाचं वळण, आणि गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांग लागते तो पट्टा. विक्रेत्याने ब्रश हातात घेण्याआधी या जागांवर एक फेरी मारावी.

जागा ठरली की पाट्यांची साखळी लागते. एकटी पाटी माणसाला वळवते आणि मधेच सोडून देते. पहिली पाटी वळणाच्या बऱ्याच अलीकडे हवी, म्हणजे चालवणाऱ्याला मागचं वाहन पाहून वेग कमी करता येईल. वळणावरच लावलेली पाटी वाचेपर्यंत वळण मागे पडतं. वळणावर फक्त बाण पुरतो. खरी चूक त्यापुढे होते. गल्लीत शिरल्यावर शंभर-दीडशे फूट गेलं आणि काहीच दिसलं नाही की माणसाला वाटतं आपण चुकलो, आणि तो गाडी फिरवतो. तिथे एक छोटी पाटी, तोच रंग, तोच बाण, एवढ्यासाठी हवी की त्याला धीर यावा. मग दारावरची. साखळीतल्या सगळ्या पाट्या एकाच रंगाच्या असाव्यात. पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर गडद निळा. लाल रंगावर पिवळी अक्षरं दुपारी खुलतात आणि दिवेलागणीला विझतात. बाण पाटीच्या एका टोकाला कोंबू नये, त्याला अक्षरांइतकीच जागा द्यावी, कारण वाचता न येणारा माणूस आणि कन्नड वाचणारा माणूस दोघेही बाणाच्या भरवशावर येणार असतात.

कन्नडचा मुद्दा कागलमध्ये सुटत नाही. हे महाराष्ट्राच्या टोकाचं तालुक्याचं गाव. महामार्गावर पुढे कोगनोळी लागलं की कर्नाटक. तिकडे नातीगोती आहेत, बाजारहाट आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी फलक बंधनकारक झाले आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावं असं ठरलं. कर्नाटकाने २०२४ मध्ये फलकावर साठ टक्के कन्नड सक्तीचं केलं. हे नियम दुकानं-आस्थापनांचे. म्हैस विकणाऱ्या शेतकऱ्याला मात्र निपाणीकडचं गिऱ्हाईकही हवं असतं, आणि म्हशीचं एक साधं चित्र दोन्ही बाजूंना कळतं. गधेगाळाच्या पाथरवटाची युक्ती इथे आजही कामाला येते.

कायद्याकडे विक्रेते बहुधा दंड झाल्यावर पाहतात. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा अधिनियम आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर, सार्वजनिक मालमत्तेवर परवानगीवाचून लिहिणं-चिकटवणं त्याखाली गुन्हा ठरतं. महावितरणच्या खांबावर चढणं जिवावर बेतू शकतं. झाडाला खिळा ठोकणं तर सर्वांत वाईट: खिळ्याभोवती साल मरते, आत कीड-बुरशी शिरते. पुण्यात २०१८ पासून तरुणांनी झाडांतले खिळे उपसायची मोहीम चालवली, ती प्रत्येक तालुक्यात व्हावी. आणि १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेल्या महाकाय फलकाखाली १७ माणसं गेली. घरगुती पाटीचा आणि त्या फलकाचा आकारात काही संबंध नाही. पण वळवाच्या वाऱ्यात सुटलेला पत्रा दुचाकीस्वाराच्या गळ्याशी येतो तेव्हा तो लहान आहे याचं समाधान कुणाला? दोन बांबू, जमिनीत दीड फूट गाडलेले, आणि पाटीला वारा जायला सोडलेली फट, एवढं प्रत्येकाला जमतं. शेजाऱ्याचं कुंपण त्याला विचारून वापरावं. कागलमध्ये कुणी नाही म्हणत नाही.

पावसाळ्याविषयी वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर पोस्टर कलर एका सरीत ओघळतो, पुठ्ठा दोन दिवसांत मऊ पडतो. सनपॅकच्या प्लास्टिक शीटवर ऑइलपेंट किंवा रेडियमची कापलेली अक्षरं टिकतात. उन्हाळ्यात, चटणी-पापड-लोणच्याच्या ऐन मोसमात, खडूने लिहिलेला फळाही छान काम करतो, आणि रोजचा भाव रोज बदलता येतो.

हा विषय आत्ताच का, याचं उत्तर त्या सर्व्हिस रस्त्यावरच आहे. सातारा-कागल महामार्गाचं सहापदरीकरण सुरू झालं तशी वळणं सरकली, उतार बदलले, जुन्या पाट्या भलत्याच बाजूला बोट दाखवू लागल्या. दुसरीकडे बचत गटांच्या बायका घरातून माल विकायला शिकल्या आहेत. राज्याच्या 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने त्यांना प्रदर्शनांत स्टॉल दिले, पण प्रदर्शन चार दिवसांचं असतं आणि चटणी बारमाही. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला आणि २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कापशी गावातला चप्पल-कारागीर आणि मळ्यातला गुऱ्हाळवाला यांच्या दारापर्यंत गिऱ्हाईक पोचत नाही तोवर त्या मानांकनाचा मोठा वाटा मधल्याकडे जातो. मोबाइलवर जाहिरात टाका, असा सल्ला त्यांना सहज दिला जातो. टाकावी. पण मोबाइल शोधणाऱ्यालाच माल दाखवतो. पाटी न शोधणाऱ्याला दाखवते, आणि गूळ घ्यायचं मनात नसलेला प्रवासी हेच महामार्गाकडेच्या गुऱ्हाळाचं मोठं गिऱ्हाईक असतं. मोबाइल नंबर पहिल्या पाटीवर लिहू नये; धावत्या गाडीतून दहा आकडे कुणी टिपत नाही. तो दारावर असावा. तोही बाईचा स्वतःचा असावा की नाही, हे तिने ठरवावं, गटाने किंवा घरच्यांनी परस्पर ठरवू नये. अनेक बायका नंबर टाकायला कचरतात त्यामागे अवेळी येणाऱ्या फोनांचा अनुभव असतो. 'सकाळी ९ ते ५ भेटा' एवढं लिहिलं तरी पुरतं.

या पुस्तकात कागल, मुरगूड, कापशी आणि आसपासच्या पाट्या पाहून, त्या लावणाऱ्यांशी आणि रंगवणाऱ्यांशी बोलून जे हाती आलं ते मांडलं आहे. छायाचित्रांतली नावं आणि नंबर झाकले आहेत. सुंदर अक्षरांचा हा संग्रह नाही; काही पाट्या दिसायला ओबडधोबड आहेत आणि त्यांनीच सर्वांत जास्त माणसं आणली, म्हणून त्या घेतल्या. मोठ्या होर्डिंगचा, निवडणुकीच्या फलकांचा आणि कंपन्यांच्या जाहिरातींचा विचार केलेला नाही, त्यांच्याकडे माणसं आहेत. विक्री संपल्यावर पाटी काढण्यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि ते कुणी वगळू नये अशी माझी विनंती आहे. विकलेल्या म्हशीची पाटी महिनाभर राहिली की तिच्यामागे आलेला प्रत्येक माणूस रिकाम्या हाताने परततो, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या खऱ्या पाटीवरही विश्वास ठेवत नाही.

शेवटच्या भागात मापांसकट नमुने दिले आहेत: दोन शब्दांची पाटी, बाणाची पाटी, धीराची पाटी, दारावरची पाटी. मापं पेंटर आणि पत्र्याचा दुकानदार वापरतात त्या फूट-इंचांतच ठेवली आहेत. ती पानं सहज फाडता यावीत अशी बांधली आहेत. फाडावीत आणि थेट पेंटरच्या हातात द्यावीत.